पाटावरचं मेमरी कार्ड

खंडेनवमीला आमच्या घरी ज्याच्यावर पोट चालतं ते सगळं पाटावर येतं. वडील साखर कारखान्यात फिटर होते, त्यामुळे त्यांचे पाने आणि हातोडी आधी. मग आईची विळी, खुरपं, शिवणाची कात्री. आणि कसबा बावड्यात राहत्या घराखालीच मी फोटो स्टुडिओ टाकल्यापासून माझा कॅमेरा, स्टँड आणि फ्लॅश. आई सगळ्यांना हळदकुंकवाचं बोट लावते, झेंडू वाहते, आणि एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं लुटून येईपर्यंत पाटावरच्या हत्याराला कुणी हात लावायचा नाही. हा नियम मोडायची हिंमत आमच्या वडिलांनीही कधी केली नाही, आणि ते काही देवभोळे नव्हते.

त्या वर्षी पाटावर नवा पाहुणा होता. डिजिटल कॅमेरा घेऊन मला वर्षही झालं नव्हतं, आणि मी गल्लीत अशा तोऱ्यात हिंडत होतो जणू ते यंत्र मीच शोधून काढलंय. जुना रोलचा कॅमेरा शटर अडकून बंद पडला होता, तरी पाटावर त्याचा मान होता. आईनं त्याला कुंकू लावलं आणि मग नव्याकडे वळून विचारलं, "ह्यात रोल कुठं बसतोय?"

मला एवढंच हवं होतं. मी झाकण उघडलं, नखाएवढं मेमरी कार्ड काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. शेकडो फोटो यात मावतात म्हणून सांगितलं. तिनं ते उलटसुलट करून बघितलं.

"म्हंजे खरं हत्यार ह्येच की! कॅमेरा नुसताच डबा."

असं म्हणून तिनं विड्याचं पान घेतलं, कार्ड त्यावर ठेवलं आणि मी 'अगं अगं' म्हणेपर्यंत ओल्या हळदकुंकवाचं बोट नेमकं त्या सोनेरी पट्ट्यांवर टेकवलं. कार्डाचा आणि कॅमेऱ्याचा सगळा संबंध त्याच पट्ट्यांमधून चालतो. मी केवढ्यांदा ओरडलो! "वरडायला काय झालं?" ती म्हणाली, "देवाचंच हाय, विष न्हाय." मी धुसफुसत बनियनच्या टोकानं कार्ड पुसलं, कॅमेऱ्यात घातलं आणि कॅमेरा पाटावर आपटला. आरतीला उभा राहिलो तेव्हाही माझं तोंड वाकडंच होतं.

या कार्डाचा एक आजार मला तोवर ठाऊक झाला होता. नको असलेले फोटो एकेक करून पुसले, तरी कधीकधी त्यांची जागा परत मिळायची नाही. भाडेकरू निघून गेला, पण खोलीला कुलूप घालून किल्ली घेऊन गेला, तसं. बघायला गेलं तर कार्ड रिकामं, आणि कॅमेरा म्हणायचा जागा नाही. त्यावर औषध एकच, फॉरमॅट. एक बटण दाबायचं, की सगळी कुलपं तुटून हरवलेली जागा पुन्हा मिळते. मात्र आत जे काही असेल तेही जातं, हवं असलेलं आणि नको असलेलं, सगळं. एरवी मी फोटो आधी संगणकावर उतरवून घ्यायचो आणि मग निवांतपणे फॉरमॅट मारायचो. त्यात घाबरण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

आरतीचं तबक अजून खाली ठेवलं नव्हतं, तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. आमच्या मागच्या गल्लीत भाड्यानं राहणारा माणूस होता. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला, गाव मात्र कागलच्याही पुढे, अगदी सीमेवर, निम्मं मराठी आणि निम्मं कानडी. लिंगायत घर. घरात आईला अव्वा म्हणायचे, थोरल्या बहिणीला अक्का. दाढी वाढलेली नव्हती, कपडेही नीट होते, पण शर्टाची बटणं चुकीच्या काजात घातलेली होती.

"अव्वा गेली," तो म्हणाला. "पहाटं. फोटू काढायला चला."

मी पाटाकडे बघितलं. आईनंही बघितलं. तिनं हळूच विचारलं, "बाळा, आज हत्यार उचलत न्हाईत रं. दुसरं कोण न्हाय का?"

"कागलपासनं फिरत आलोय, काकू. सगळ्यांचं कॅमेरं पाटावरच हायती. आन् तिचा एक बी फोटू न्हाय हो. एक बी न्हाय."

ते खरं होतं हे मला माहीत होतं. त्याच्या लग्नाचे फोटो मीच काढले होते, तेव्हाच्या रोलवर. अख्ख्या अल्बममध्ये नवरदेवाची आई एकाही फोटोत सापडत नाही. कुठे पदर आहे, कुठे पाठ, कुठे दाराआडून पुढे आलेलं अक्षतांचं ताट. फोटो काढला की आयुष्य कमी होतं अशी तिची समजूत. मी एकदा तिला मांडवाच्या खांबाशी गाठली होती. तिनं तोंडावर पदर ओढला आणि म्हणाली, "माझं काय काढतोयास? नवरीचा काढ की." निवडणुकीच्या ओळखपत्रासाठी गावात फोटोवाले आले त्या दिवशी ती मुद्दाम लांबच्या शेताला निघून गेली होती, हे तिच्या मुलानंच मला हसत सांगितलं होतं. आता तो हसत नव्हता.

आईनं पाटावरून कॅमेरा उचलला, वरचा झेंडू काढून देव्हाऱ्यात ठेवला आणि कॅमेरा माझ्या हातात दिला.

"जा. देवाला मी सांगते."

आम्ही त्याच्या गावी पोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलेलं होतं. त्यांच्यात माणसाला आडवं नेत नाहीत. आंघोळ घालतात, कपाळाला विभूती लावतात, मांडी घालून बसवतात, आणि तसंच बसवून फुलांच्या विमानातून नेऊन मातीही बसवूनच देतात. नेण्याआधी घरच्यांनी शेजारी बसून एक फोटो काढायचा, ही तिथली रीत. ओसरीवर भिंतीला टेकवून अव्वाला बसवलं होतं. हिरवं लुगडं, गळ्यात शेवंतीचे हार, डोळे मिटलेले. आयुष्यभर माझ्यासारख्यांपासून पळालेली बाई आता पळू शकत नव्हती, आणि मला ते बरं वाटेना. मनातल्या मनात तिला म्हटलं, रागावू नका, तुमच्या लेकानं बोलावलं म्हणून आलोय.

मी फोटो काढायला लागलो. आधी तिचे एकटीचे, समोरून, थोडे बाजूनं. मग मुलगा आणि सून शेजारी बसली. मी बटण दाबलं आणि पडद्यावर अक्षरं आली. कार्ड फुल.

माझा विश्वास बसेना. शेकडो फोटोंचं कार्ड, सकाळी रिकामं करून ठेवलेलं, आणि बोटावर मोजण्याइतके फोटो काढले तर भरलं? कॅमेरा बंद केला, चालू केला. तेच. कार्ड बाहेर काढलं. सोनेरी पट्ट्यांच्या खाचेत कुंकवाची बारीक लाल रेघ वाळून बसली होती. फोटो कार्डावर उतरत असताना मधेच संबंध तुटत होता, आणि दर तुटीला जागेवर कुलूप पडत होतं, हे माझ्या लक्षात आलं. रुमालाच्या कोपऱ्यानं खाच पुसली, फुंकर मारली, कार्ड परत घातलं. फोटो जाग्यावर होते, पण जागा हरवली होती ती हरवलीच होती. हललेला एक फोटो पुसून बघितला. उरलेल्या जागेचा आकडा हलला नाही.

कुणाला काही सांगितलं नाही. मी उगीच स्टँडचे पाय वरखाली करत बसलो, म्हणजे लोकांना वाटावं माझं काम चाललंय.

"झालं का हो?" मुलगा म्हणाला.

"झाले तसे. तुमच्या आईंचे आलेत छान."

"मग थांबा. अक्का वाटंत हाय. इजापूरकडनं येतीय, पहाटंच बसलीय गाडीत. ती आली की तिचा आन् अव्वाचा एक काढा. मग नेऊया."

ही थोरली बहीण लांब दिलेली होती. भावाच्या लग्नालाही बाळंतपणामुळं आली नव्हती. म्हणजे आईबरोबर तिचा एकही फोटो नव्हता, आणि आज नाही निघाला तर कधीच निघणार नव्हता. माझ्या हातातल्या कार्डावर मात्र आणखी एका फोटोची जागा नव्हती.

मी देवाला म्हटलं, गाडी चुकू दे. हे मी खरंच म्हटलं, आणि आजही ते आठवलं की मला माझी शिसारी येते. गाडी चुकली नाही. ऊन उतरायच्या बेताला ती आली. वेशीपासूनच तिचा आवाज ऐकू यायला लागला, कानडीत, एकच शब्द परत परत. आत आली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून कोसळली. बायका तिला सावरायला धावल्या. मी कॅमेरा पोटाशी धरून भिंतीला चिकटून उभा होतो.

विधी करायला आलेले स्वामी उठले. म्हातारे, काटक, काठीशिवाय चालणारे. "दिवस मावळायच्या आत माती व्हायला पायजे," ते मला म्हणाले. "काढा पावणं, काय काढायचं ते."

सगळं अंगण माझ्याकडे बघायला लागलं. खोटं खोटं बटण दाबावं, फ्लॅश पाडावा आणि नंतर फोटो जळला म्हणून सांगावं, असंही मनात येऊन गेलं. धंद्यातल्या माणसाला असल्या युक्त्या लगेच सुचतात. पण ती बहीण डोळे पुसून, पदर सारखा करून आईशेजारी मांडी घालून बसली होती आणि तिनं आईचा हात हातात घेतला होता. मला ते जमलं नाही.

"कार्ड भरलंय," मी म्हणालो. "आणखी फोटो निघत नाही."

"म्हंजे?" मुलगा उठला.

मी समजावून सांगितलं, जेवढं जमलं तेवढं. हरवलेली जागा परत मिळवता येते, पण त्यासाठी कार्ड पूर्ण पुसावं लागतं. आतापर्यंतचे अव्वाचे फोटो जातील. पुसल्यावर कार्ड चालेल याचीही खात्री नाही, कारण त्याच्या पट्ट्यांत घाण गेली आहे. चाललं तर अक्काबरोबरचा फोटो मिळेल. नाही चाललं तर काहीच उरणार नाही.

"चेष्टा लावली काय ओ?" मुलगा माझ्या अंगावर आला. "हाय तेवढं बी घालवणार व्हय तुम्ही? आईचं मढं हाय हितं, खेळ न्हाय!" त्याला दोघांनी धरलं. मागून कुणीतरी म्हणालं, "ह्या डबड्यापरास रोल बरा व्हता की!" मग कानडीत एकच गलका झाला. मला त्यातले 'फोटो' आणि 'कार्ड' एवढेच शब्द कळत होते, पण सूर कळायला भाषा लागत नाही. एक म्हातारा हात उडवून सांगत होता की पुरे झालं, उचला. माझीही तीच इच्छा होती. कुणीतरी 'नको' म्हणावं, माझी सुटका व्हावी.

"काय निघालंय ते बगू दे मला," ती बहीण म्हणाली. मराठीत म्हणाली, मला कळावं म्हणून.

मी तिच्यापुढं गुडघ्यावर बसलो आणि कॅमेऱ्याच्या मागचा काडेपेटीएवढा पडदा तिच्यासमोर धरला. एकेक फोटो पुढं सरकवत गेलो. अव्वा समोरून. अव्वा बाजूनं. हार, विभूती, मिटलेले डोळे. फोटो चांगलेच आले होते, मला खोटं बोलायची गरज नव्हती. तिनं सगळे बघितले, शेवटच्यावर थांबली, आणि भावाकडे मान वळवली.

"ह्यात अव्वा एकलीच बसलीय रं," ती म्हणाली. "एकली कवा बसली व्हती ती?"

मग ती माझ्याकडे वळली.

"पुसा, दादा."

"अक्का, गेलं तर सगळंच जाईल," मी म्हणालो. "नंतर मला बोल लावू नका."

"न्हाय लावत. पुसा."

मुलगा ओसरीच्या खांबाला टेकला. "अक्का म्हणती तसं करा," तो म्हणाला, आणि त्यानं तोंड फिरवलं.

मी कार्ड पुन्हा काढलं. सुनेकडून ओल्या कापडाचा तुकडा आणि सुई मागून घेतली. सुईच्या टोकाला कापडाचा धागा गुंडाळून पट्ट्यांच्या एकेका खाचेतून फिरवला. लाल उतरत होतं. मनगट गुडघ्यावर टेकलं. कोरड्या कापडानं पुसलं, उन्हात धरलं, आत घातलं. यादीत खाली खाली गेलो, शेवटी तो शब्द आला. पडद्यानं विचारलं, सगळं पुसलं जाईल, चालेल का? आणि त्या यंत्रानं बोट आधीच 'नाही'वर ठेवलेलं होतं, जणू त्यालाही ते नको होतं. मी बाण दाबून 'हो'वर नेलं.

दाबलं.

पडद्यावर एक पट्टी आली आणि डावीकडून भरायला लागली. एरवी ती डोळ्यांचं पातं लवायच्या आत भरते. त्या दिवशी निम्म्यावर आली आणि थांबली. बॅटरीचं चिन्ह लाल होऊन उघडझाप करायला लागलं. मी कॅमेरा हलवलाही नाही. मनात आईला शिव्या घातल्या आणि त्याच दमात तिच्याच देवाला हात जोडले. पट्टी तशीच. स्वामींची सावली माझ्या अंगावरून पायरीवर गेली होती. आता पडदा काळा होणार, मला यांच्यासमोर मान वर करून सांगावं लागणार की तुमची अव्वा गेली, दुसऱ्यांदा गेली आणि या खेपेला माझ्या हातून.

मग पट्टी एकदम पुढं सरकली आणि भरली. पडदा रिकामा झाला. कोपऱ्यात आकडा उमटला, चांगला तीन आकडी, सकाळी होता तसाच. हरवलेली सगळी जागा परत आली होती, आणि तिच्यात अव्वा कुठेच नव्हती.

"बसा," मी ओरडलो, "सगळे बसा, पटकन! बॅटरी चाललीय."

बहीण आईला चिकटून बसली. मुलगा पलीकडून आला, सून मागं उभी राहिली. मी बटण दाबत गेलो. एक, मग दुसरा, मग तिसरा, आणि त्यानंतर कॅमेऱ्यानं मान टाकली. निघाले की नाही ते बघायलाही जीव उरला नव्हता त्याच्यात. "निघाला?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "निघाला." मला काहीच माहीत नव्हतं. त्यांनी विमान उचललं, आणि मी अंगणात स्टँडचे पाय मिटत बसलो.

घरी आल्यावर आईनं दारातच विचारलं, "आला का फोटू?" मी तसाच खाली स्टुडिओत गेलो, कार्ड काढून संगणकाला लावलं. एक फोटो अर्धाच उतरला होता, खाली नुसती करडी पट्टी. एकात सून हललेली. तिसरा मात्र काठोकाठ भरलेला, स्वच्छ, हारातल्या शेवंतीची पाकळी न् पाकळी दिसत होती. मी टेबलावर डोकं ठेवून रडलो. आई मागं येऊन उभी होती ते मला कळलंही नाही. तिनं फोटोतल्या बाईला नमस्कार केला आणि कॅमेरा उचलून परत पाटावर नेऊन ठेवला. या वेळी कार्ड माझ्याकडेच राहू दिलं.

त्या फोटोत एक गोष्ट होती जी मला अंगणात दिसली नव्हती. मुलगा आईकडे बघत होता, सून खाली बघत होती. बहीण तेवढी सरळ कॅमेऱ्यात बघत होती. माझ्याकडे नव्हे, माझ्या बोटाकडे. चालतंय की नाही, निघतोय की नाही, एवढंच तिच्या डोळ्यांत होतं. रडून सुजलेले, पण टक्क उघडे.

पुढच्या विधीच्या आधी भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा म्हणून मुलगा सांगून गेला. अंगणातलं काही त्याच्या मनात नव्हतं, उलट हात धरून म्हणाला, "जास्त बोललो त्या दिवशी." मग जाता जाता म्हणाला, "डोळं तेवढं उघडून द्या." यात नवल काही नव्हतं. मिटल्या डोळ्यांचा फोटो आमच्याकडे भिंतीवर कुणी लावत नाही. पूर्वी हे काम ब्रशनं व्हायचं, आता संगणकावर होतं. माझ्याकडे त्यासाठी डोळ्यांचा साठाच होता. बायकांचे, पुरुषांचे, म्हाताऱ्यांचे, कुणाकुणाच्या फोटोतून काढून ठेवलेले. शक्यतो त्याच माणसाच्या जुन्या फोटोतले घ्यायचे, नसले तर साठ्यातले जुळवायचे. गिऱ्हाईक कधी विचारत नाही आणि आपण कधी सांगत नाही.

अव्वाला मी साठ्यातले किती डोळे लावून बघितले! एकात ती चिडलेली दिसायची, एकात भलतीच गरीब, एकात चक्क आमच्या गल्लीतली पापडवाली. चेहरा तिचा, पण आतून दुसरंच कुणी बघतंय असं वाटायचं. मी वैतागून उठलो, चहा पिऊन आलो, परत बसलो. तेव्हा माझं लक्ष त्याच फोटोत, तिच्या खांद्याशी असलेल्या चेहऱ्याकडे गेलं.

तोच उजेड, तोच कोन. मी लेकीचे डोळे उचलले, सूज कमी केली, कडांना सुरकुत्या दिल्या, आणि आईच्या चेहऱ्यावर ठेवले. मी खुर्चीतच मागं सरकलो. मांडवाच्या खांबाशी, पदर ओढायच्या आधी, क्षणभर मला जी बाई दिसली होती ती माझ्याकडे बघत होती.

पण फोटो मढवून ठेवल्यावर मला धास्ती वाटायला लागली. जिवंत माणसाचे डोळे मेलेल्याला लावले, तेही पोटच्या पोरीचे, न विचारता. असल्या गोष्टींना आमच्याकडे अभद्र मानतात. कळलं तर घरात घेणार नाहीत. बदलावेत असं रोज वाटायचं आणि रोज तो फोटो बघून हात मागं यायचा.

फोटो न्यायला दोघंही आली, भाऊ आणि बहीण. तिला तिथूनच पुढं सासरी जायचं होतं. मी कागद सोडला आणि फ्रेम काउंटरवर उभी केली. भाऊ बघताक्षणी म्हणाला, "अव्वाच की ओ!" आणि तोंड दाबून बाहेर पायरीवर जाऊन बसला. ती जवळ आली, वाकली, काचेवर बोट ठेवलं. बराच वेळ बघितलं. मी कात्री इकडची तिकडं ठेवली.

"दादा," ती म्हणाली, "हे डोळं कुणाचं?"

"तुमचेच आहेत, अक्का. त्याच फोटोतले. दुसरे कुठले बसेनात. तुम्हाला चालत नसेल तर आत्ता बदलून देतो, थांबा."

मी फ्रेमला हात घातला. तिनं माझा हात बाजूला केला. फ्रेम उचलली, पदरानं काच पुसली, आणि पदराखाली घेतली.

"ऱ्हाऊ दे. जलमापासनं सगळी म्हणायची, पोरीनं अव्वाचं डोळं घेतल्यात," ती म्हणाली. "दिलं म्हणायचं परत."